पुढच्या दारानं ये

पेण, १२ जुलै २०२५

प्रिय मित्र सुशील,

इकडे सर्व ठीक आहे, तुझी खुशाली कळव. पाऊस बरा आहे. वरश्यात तुमच्या शेताची लावणी उरकली, असं तुझ्या बहिणीकडून, रोहिणीकडून समजलं. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांच्या आखणीचं काम जोरात सुरू आहे. यंदा शाडूच्या मूर्ती वाळायचं नाव घेत नाहीत, म्हणून काळुरामशेठ दिवसभर सगळ्यांवर खेकसत असतात. माझी तब्येत उत्तम.

वरच्या ओळी चुकून दुसऱ्या कुणी पाकीट फोडलं तर त्याच्यासाठी. तो कंटाळून इथेच थांबला असेल अशी आशा. पुढचं तुझ्यासाठी आहे, वाचून जाळून टाक. पाकिटावर कोलाडच्या वहिनींचं नाव घातलंय. त्या फॅमिली क्वार्टरमध्ये राहतात, त्यांची पत्रं कुणी बघत नाही म्हणे. त्यांच्या नवऱ्याचं, तुझ्या पलटणीतल्या कोलाडवाल्याचं, नाव मी लिहीत नाही. त्याची नोकरी आहे, पोरंबाळं आहेत. त्यानेच फोन करून सांगितलं की तुझा फोन साहेबांनी जमा करून घेतलाय आणि तुझी चौकशी चालू आहे.

मी म्हटलं, "कसली चौकशी? सुशीलने काय बंदूक विकली की काय?"

मग त्याने सांगितलं. सुशील, शाळेतले तास संपवून मी आखणीला बसलो होतो. फोन कानाला, कुंचला हातात. ऐकता ऐकता मूर्तीच्या डाव्या डोळ्याचं बुबुळ गालावर उतरलं. इतकी वर्षं डोळे रंगवतोय, असं कधी झालं नव्हतं. काळुरामशेठसुद्धा ओरडायचे विसरले.

काय केलंस रे हे? मार्चमध्ये माझं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं, म्हणून तू रजा मागितलीस. इथवर ठीक. साहेबांनी विचारलं, "किसका ऑपरेशन है? कौन लगता है तेरा?" आता सांग, अशा वेळी माणूस काय म्हणतो? मामा म्हणतो, चुलतभाऊ म्हणतो. तूच मला हसत हसत सांगायचास ना, की तुमच्या अर्ध्या पलटणीचे मामा दर दिवाळीला मरतात? एक मामा मलाही करायचास. आणि तू काय बोललास? "साहब, जिसके साथ घर करना है, उसका." त्यांनी विचारलं, लडकी है? तू म्हणालास, "नहीं, साहब."

मी तीनदा विचारलं कोलाडवाल्याला. तीनदा त्याने तेच सांगितलं.

कोर्टाचा ३७७चा निकाल आला त्या दिवशी आपण कोलाडला हायवेवर मिसळ खात होतो. टीव्हीवर माणसं नाचत होती. मी टेबलाखाली तुझा गुडघा दाबला, तर तू पावाचा तुकडा मोडत म्हणालास, "आपल्याला लागू नाय हां. वर्दीचा कायदा वेगळा हाय." म्हणजे तुला माहीत होतं. माझ्याहून जास्त माहीत होतं. त्यात सात वर्षांत काही बदललेलं नाही. आणि तरी साहेबांच्या टेबलासमोर सावधान उभं राहून तू सगळं सांगून मोकळा झालास.

मला राग आलाय. खूप राग आलाय. आणि रागाच्या मध्येच, बसल्या बसल्या, रडू येतंय. माझ्यासाठी आजवर कुणी एवढी मोठी चूक केलेली नाही.

ते माझं नाव विचारतायत आणि तू सांगत नाहीस, असं कळलं. सांगू नकोस. मीही खाली सही करत नाही. ऑपरेशनची जखम भरली आहे.

तुझा,
कारखान्यातला


पेण, २८ जुलै २०२५

सुशील,

तू ऑगस्टमध्ये येतोयस आणि परत जाणार नाहीस, हे मला काल कळलं. तुझ्याकडून नाही, रोह्याच्या बाजारातून कळलं. कोलाडवाल्याच्या आईने भाजी घेता घेता कुणाला तरी सांगितलं, "सुशीलची सर्विस संपली, सोळा तारखेच्या गाडीनं येतोय." तिचा तरी काय दोष? पोराने तिला एवढंच सांगितलं असणार. संध्याकाळपर्यंत सगळ्या वरश्यात झालं, सुशील रिटायर झाला.

काढलं. तुला काढलं. हा शब्द मी मनातल्या मनात म्हणून बघतो, पण तो तुझ्या नावाशेजारी बसतच नाही. सतरा वर्षं झाली तुला फौजेत. रोह्यात धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस सलामी देतात, ती बघायला तू लहानपणी तुझ्या बापाच्या, दाजींच्या खांद्यावर बसायचास आणि घरी येऊन काठी खांद्याला लावून गोठ्यातल्या म्हशीला सलामी द्यायचास. ही गोष्ट तुझ्या आईने, गिरजाबाईंनी मला इतक्यांदा सांगितली आहे की ती म्हैस मलाही ओळखीची वाटते. अशा माणसाला म्हणायचं, आता तुमची गरज नाही.

पण हे सगळं नंतर. आधी महत्त्वाचं ऐक, कारण प्रसंग भलताच आलाय.

आज वरश्याच्या मंडळाची पोरं माझ्या शाळेत आली. मला वाटलं, वर्गणीला आली. पुढे पुंडलिक होता, तुमच्या शेजारचा. म्हणाला, "सर, तुमी सुशीलदादाचे दोस्त. फ्लेक्स तुमीच करायचा. आपल्या गावचा फौजी रिटायर होऊन येतो तर मिरवणूक नको?" ओपन जीप ठरली आहे. सनई-ढोलकीचा खालूबाजा ठरला आहे. स्टेशनपासून वरश्यापर्यंत मिरवणूक, स्टेशनबाहेर माइकवरून तुझे दोन शब्द. मागच्या वर्षी खालच्या आळीतला फौजी आला तेव्हा त्याच्या शेजारी जीपमध्ये त्याची बायको बसली होती, नऊवारी नेसून. तुझं लग्न नाही, म्हणून शेजारी दाजींना बसवायचं की गिरजाबाईंना, यावर पोरांचा वाद चालला होता. माझ्यासमोर. चित्रकलेच्या वर्गात.

मी काय बोलणार? "करतो" म्हणालो.

त्यांना तुझा वर्दीतला फोटो हवा होता. माझ्याकडे वर्दीतला एकच आहे. मागच्या रजेला तू रोह्याला उतरलास तेव्हा रोहिणीने काढलेला. त्यात तुझ्या खांद्यावर माझा हात आहे. मी कॉम्प्युटरवर बसून तो हात कापला. बोटांची टोकं तरी राहिलीच, ती वर्दीच्या रंगात बुडवली. खाली लिहिलं, "देशसेवा पूर्ण करून परतलेल्या आमच्या हवालदार सुशीलचे हार्दिक स्वागत." तुझ्यावर इतकं खोटं मी आजवर काही लिहिलं नव्हतं, आणि अक्षर मात्र छान आलंय.

आता माझं ऐक. मी तुला ओळखतो. तुला माइक दिला तर तू खरं बोलशील. साहेबाच्या टेबलासमोर बोललास तसाच रोहा स्टेशनबाहेर बोलशील, आणि या वेळेला समोर तुझे आईबाप असतील. त्यांना ते तिथे, खालूबाजासमोर, सगळ्या गावाबरोबर ऐकावं लागेल. त्यांचं काय होईल? दाजींचं वय बघ. हे होऊ देऊ नकोस.

दिव्याहून येणारी गाडी रोह्याच्या आधी पेणला थांबते. पेणला उतर. मी फलाटावर असेन. मिरवणुकीला मी सांगेन, गाडी चुकली, ताप आला, काहीतरी. खोटं बोलायचं काम माझ्याकडे दे, तुला ते येत नाही. दाजींना आपण सावकाश सांगू, घरात, बसून.

पेणला उतर. एवढंच.

तुझा,
तोच


पेण, ६ ऑगस्ट २०२५

सुशील,

हे पत्र कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही. कोलाडच्या वहिनींचा फोन आला. बिचारी घाबरून बोलत होती. "भाऊजी, आता पत्र नका पाठवू. यांचीपण चौकशी लागेल. दुसरं पत्र आलं ते मी गॅसवर जाळलं, त्यांच्या हातात गेलंच नाय." मी तिला म्हटलं, बरं केलंत. तुला निरोप द्याल का, हे विचारायच्या आत तिने फोन ठेवला. पण म्हणजे "पेणला उतर" हे तू वाचलेलंच नाहीस. तुला मिरवणुकीचा पत्ताही नाही. तू सरळ रोह्याला उतरणार.

म्हणून काल शाळा सुटल्यावर मी गाडी काढून वरश्याला गेलो. दाजींना काहीतरी सांगून मिरवणूक रद्द करायला लावायची, असं ठरवलं होतं. वाटेत नागोठण्यापर्यंत मी तीन कारणं तयार केली. एकही धड नव्हतं.

दाजी पडवीत बसून पावसात पांघरायचं इरलं दुरुस्त करत होते. मी म्हटलं, "दाजी, मिरवणूक नको. सुशीलला असलं आवडत नाही."

ते मान वर न करता म्हणाले, "व्हय, नाय आवडत."

"मग पुंडलिकला सांगा ना."

"मी कशाला सांगू? पोरांनी ठरवलान, करू दे."

"दाजी," मी म्हटलं, "तो रिटायर झालेला नाही हो."

सुशील, हे माझ्या तोंडून गेलं. आणि दाजी? दाजींनी दोऱ्याची गाठ मारली, दाताने तोडली आणि म्हणाले, "माहीत हाय. त्यानी कवाच फोन केलान माला, दुसऱ्याच्या मोबाइलवरना. सगला सांगितलान."

मी ओट्यावर बसलो. सगळं म्हणजे? "सगला म्हंजी सगला," दाजी म्हणाले. "मी इचारला, चोरी केलीस? नाय म्हनला. पलालास? नाय म्हनला. मंग मी फोन ठेवला. आठ दिस माला भाकर गेली नाय. हिला इचार."

मला संताप आला. मी म्हटलं, तुम्हाला ठाऊक आहे तर गावाला खोटं का सांगताय? जीप कशाला? बाजा कशाला? तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"मी कवा कुनाला काय सांगितला? सतरा वर्सं माझा पोरगा बर्फात उभा ऱ्हायला का नाय? ऱ्हायला. ती काय खोटी हाय? त्यांनी त्याला मागल्या दारानी काढलान. माझ्या गावात त्यो पुढल्या रस्त्यानी येल. त्याला बोलायचा आसल तर बोलल, नाय तर नाय."

मला वाटत होतं की मी त्या दोघांना वाचवायला गेलोय. त्यांना माझ्याआधीच सगळं कळलेलं होतं, आणि त्यांनी ते कुणालाही न सांगता गिळलं होतं. सांगताना तू माझं नाव मात्र दाजींनाही सांगितलं नाहीस, हे त्यांच्या बोलण्यावरून लक्षात आलं. मी सुटकेचा श्वास टाकला, खोटं कशाला बोलू.

गिरजाबाई इतका वेळ आतच होत्या. तांदूळ निवडत होत्या. मी निघालो तेव्हा दारापर्यंत आल्या, माझ्या हातात पडवळाची पिशवी दिली आणि माझ्या पोटाकडे बघत हळूच विचारलं, "टाके दुखतान का रं अजून?"

मी गाडी सुरू केली ती थेट नागोठण्याला येऊन थांबवली आणि रस्त्याच्या कडेला उभा राहिलो.

शौ.


पेण, १८ ऑगस्ट २०२५

सुशील,

हे पत्र आणि आधीचं, दोन्ही रोहिणी तुझ्या दाराखालून आत सरकवेल. ती म्हणते, तू मागच्या खोलीत आहेस, जेवण घेतोस पण कुणाशी बोलत नाहीस. माझा फोनही तिच्याकडून घेतला नाहीस. ठीक आहे. पण वाचता तर येतं. परवा तू पाठ फिरवून निघून गेलास आणि एकदाही मागे पाहिलं नाहीस. म्हणून मागे काय झालं ते तुला माहीत नाही. ते सांगायला लिहितोय.

तू उतरलास, पुंडलिकने हार घातला, दाजींनी स्वतः तुला फेटा बांधला. तुझ्या चेहऱ्यावरून कळत होतं की तुला कशाचाच पत्ता नव्हता. मी फ्लेक्सच्या खांबाला टेकून उभा होतो, तुझ्यापासून चार हातांवर. मग माइक आला. तू जे बोललास ते माझ्या कानांत अजून आहे.

"मी रिटायर झालो नाय. मला काढलंय. चोरी केली नाय, पळालो नाय. माझ्या माणसाचं ऑपरेशन होतं, म्हणून रजा मागितली. साहेबांनी विचारलं कोण, मी खरं सांगितलं. तो बाईमाणूस नाय, बाप्या हाय. एवढंच झालं. तुम्ही मला चुकून हार घातलाय."

आणि हार काढून जीपच्या बॉनेटवर ठेवलास. फेटा ठेवलास. ट्रंक खांद्यावर मारलीस आणि रुळाच्या कडेच्या पायवाटेने चालू लागलास. माझ्याकडे नजरसुद्धा टाकली नाहीस. मला वाचवलंस ना? कळलं मला.

आता पुढचं ऐक.

इतकी माणसं आणि रिक्षाचं इंजिन तेवढं ऐकू येत होतं. सनईवाला सनई तोंडाजवळ धरून तसाच उभा. एकदोघं हसले, ते मी बघून ठेवलेत. काही माणसं छत्र्या उघडून निघाली. पुंडलिकचं तोंड उघडं ते उघडंच. मला वाटलं, आता दाजी खाली बसतील.

दाजींनी बॉनेटवरचा हार उचलला. जीपच्या मागच्या सीटवर, तुझ्या जागेवर, तो नीट पसरून ठेवला. गिरजाबाईंचा हात धरून त्यांना वर चढवलं, स्वतः चढले. आणि बाजावाल्यांना म्हणाले, "थांबलाव कशाला? वाजवा."

कुणी वाजवेना. दाजी पुन्हा म्हणाले, "सतरा वर्सं झाली का नाय? वाजवा."

ढोलकीवाल्याने आधी हात टाकला. मग सनई. जीप सुटली. आणि दहा पावलांवर पुन्हा थांबली. दाजी वळून फ्लेक्सच्या खांबाकडे बघत होते. सगळ्यांसमोर, तुझा बाप मोठ्याने म्हणाला, "शौनकसर, चला. जागा हाय."

म्हणजे गिरजाबाईंनी त्यांना सांगितलं होतं. सुशील, तेव्हा मला काय वाटलं ते लिहायला बसलो की कागद पुरत नाही आणि लिहिता काहीच येत नाही. मला शाळा दिसली. आई दिसली. मला पळून जावंसं वाटलं, अगदी खरंच सांगतो. फ्लेक्सवर तुझा खांदा होता, माझा हात कापलेला. मी त्याच्याकडे बघितलं आणि गेलो. चढलो. हार मांडीवर घेऊन तुझ्या जागेवर बसलो.

मिरवणूक मोठी नव्हती. पुंडलिक आला मागून, मान खाली घालून, पण आला. आणखी काही पोरं आली. रोहिणी पुढे नाचली. एकटी. नाचता नाचता रडत होती. वरश्याच्या नाक्यावर धोंडुबाईने ओरडून विचारलं, "गिरजे, ह्यो कोन गो जीपमंदी?"

गिरजाबाईंनी पदर सारखा केला आणि तेवढ्याच मोठ्या आवाजात सांगितलं, "सुशीलनी ज्याच्यासाठी रजा मागितलान, त्यो."

खालूबाजाच्या आवाजातसुद्धा ते नाक्यावर सगळ्यांना ऐकू गेलं.

घरी आलो तर तू मागच्या दाराने आत शिरून खोलीला कडी लावलेली. बाजा दारात वाजला तेव्हा तुला वाटलं असेल की गावाने थट्टा चालवलीय. थट्टा नव्हती रे. मी होतो.

मोबाइलवर काढलेलं शूटिंग सगळीकडे फिरतंय. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आज सकाळी चहा देताना म्हणाली, "निदान इस्त्रीचा शर्ट तरी घालायचास." मुख्याध्यापकांनी उद्या भेटायला बोलावलंय. काय होईल सांगता येत नाही. जे तुझं झालं ते माझंही होऊ शकतं. काळुरामशेठ मात्र म्हणाले, "आखणी कोण करणार, तुझा बाप? गणपती तोंडावर आलेत. कामाला ये." इतक्या प्रेमाने ते आजवर कुणाशी बोलले नसतील.

आता शेवटचं. तू कुठून दुरून आलास की गिरजाबाई दारात भाकरतुकडा ओवाळून टाकतात, पाण्याचा तांब्या घेऊन. दर रजेला मी बघत आलोय. परवाही ताट तयार होतं. मी उंबऱ्याशी उभा राहिलो, तू आत. मी म्हटलं, "मावशी, सुशीलला ओवाळा ना, तो खोलीत आहे." त्यांनी ताट उचललं आणि देवाजवळ नेऊन ठेवलं. म्हणाल्या, "मागल्या दारानी आलेल्याला मी नाय ओवालत. आनि एकट्याला तर नायच. नवीन जोडा येतो तसे दोगं पुढल्या दारानी येवा, मंग टाकीन तुकडा." रोहिणी सांगते की रोज सकाळी त्या शिळी भाकर म्हशीला घालतात आणि ताटात ताजी ठेवतात.

रविवारी सकाळी मी येतोय. इस्त्रीचा शर्ट घालून. मी अंगणात उभा असेन, आत येणार नाही. तू मागच्या दाराने बाहेर पड, गोठ्यावरून घराला वळसा घाल आणि पुढच्या दारी ये. लांब नाही. तुझ्या आईचा हात भरून येईल, जास्त वेळ ताट धरायला लावू नकोस.

तुझा,
शौनक